पुलावरचा पिवळा रेनकोट

खारू छपाईच्या दुकानात शिरली तेव्हा तिच्या हातात पेनड्राइव्ह होता, गळ्यात सुतळीचं वेटोळं होतं आणि चेहऱ्यावर भांडायची तयारी होती. तयारी उगाच नव्हती. आधीच्या दोन दुकानांनी तिला "एवढा लांब फोटो? कशाला?" असं विचारून वाटेला लावलं होतं.

"फोटो छापायचाय," ती म्हणाली. "एवढा लांब." आणि तिनं सुतळी काउंटरवर ठेवली.

काउंटरमागच्या तरुणानं सुतळीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पण 'कशाला' हा शब्द काही काढला नाही. सुतळीचं एक टोक त्यानं तिच्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो मागं मागं सरकत गेला. यंत्र ओलांडलं, कागदाच्या गुंडाळ्या ओलांडल्या, दार आलं तरी सुतळी संपेना. शेवटी तो पायरी उतरून रस्त्यावर गेला, तेव्हा कुठे ती ताठ झाली.

"टोकापर्यंत मोजायचं की गाठीपर्यंत?" त्यानं बाहेरून ओरडून विचारलं.

"गाठीपर्यंत! पुढची उगाच उरलीय."

"भिंत आहे वाटतं ही?"

"बाबांची खोली. खिडकीपासून दारापर्यंत. पलंगावर पडल्या पडल्या दिसला पाहिजे."

"काय दिसला पाहिजे?"

"पूल," खारू म्हणाली, आणि तिचा भांडायचा बेत कुठल्या कुठे गेला.

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी ती जिथं तिथं चढायची, म्हणून खार, आणि लाडानं खारू. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, पण चढायची खोड गेली नव्हती. फक्त आता गळ्यात कॅमेरा असायचा, आणि कॅमेऱ्याला सेकंडहँड घेतलेली, खिशाला परवडणारी झूम लेन्स.

तिच्या बाबांनी उभा जन्म एका पुलावर काढला होता. नदीवरचा लोखंडी पूल; मोठी बोट आली की घंटा वाजायची, फाटकं बंद व्हायची आणि पुलाचा मधला भाग दोन्हीकडून आकाशाकडे उचलला जायचा. तो उचलणारे हात बाबांचे. मग गुडघ्यांनी दगा दिला, केबिनचा जिना चढणं संपलं. आता शेजारी नवा उंच पूल झाला होता आणि जुना मोडीत निघणार होता. त्याआधी एकदा, येत्या रविवारी, तो शेवटचा उघडणार होता. बाबांना तिथं जायचं नव्हतं. "मढ्याच्या तोंडात पाणी घालायला मी नाही जाणार," ते म्हणाले होते. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिच्याकडून सुतळी मागून घेतली आणि भिंत मोजायला लावली. उघडलेला पूल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढंच त्यांना हवं होतं.

एवढा पूल एका फोटोत मावत नाही असं नाही. मावतो, पण मुंगीएवढा होऊन. म्हणून खारूनं नदीकाठच्या गोदामाच्या गच्चीवर कॅमेरा स्टँडवर लावला होता आणि डावीकडून उजवीकडे थोडा थोडा वळवत एकाला एक लागून फोटो काढले होते. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग यायलाच हवा. मग कपड्याचे तुकडे शिवावेत तसे संगणक ते जोडतो. हा पहिला प्रयत्न पूल खाली असतानाचा, निव्वळ सरावाचा होता. स्वस्तातल्या लेन्सचा फोटो भिंतीएवढा ताणला तर टिकतो की फाटतो, एवढंच तिला बघायचं होतं.

छपाईवाल्यानं फाइल उघडली. पडदा चांगला मोठा होता. तो वाकला, मग आणखी वाकला.

"हा माणूस कोण?" त्यानं बोट ठेवलं.

पुलाच्या डाव्या टोकाशी पिवळ्या रेनकोटातला एकजण सायकल ढकलत चालला होता. सायकलच्या कॅरिअरवर एक लांब नळकांडं. थोडं पुढं पुन्हा तोच, तीच सायकल, तेच नळकांडं. त्याच्यापुढं परत तोच. एकूण पाच जण, शाळेच्या सहलीसारखे रांगेत.

खारूचा चेहरा पडला. घरच्या एवढ्याशा पडद्यावर ते तिला दिव्याचे खांब वाटले होते. दिवसभर लोकांना 'शेवटची ओळ वाचा' म्हणणाऱ्या मुलीला!

"मी डावीकडून उजवीकडे कॅमेरा फिरवत होते, आणि हा नेमका माझ्याच वेगानं डावीकडून उजवीकडे!" ती करवादली. "इतका मोठा दिवस पडलाय, याला तेव्हाच जायचं होतं? कोण बावळट आहे हा?"

छपाईवाल्यानं पडद्यावरचं बोट काढलं. तो दारामागं गेला आणि खुंटीवरचा पिवळा रेनकोट काढून हातात धरून उभा राहिला.

खारूनं रेनकोटाकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग जमिनीकडे... तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"टायर पंक्चर होता," तो म्हणाला. "नळकांड्यात नकाशे होते. गिऱ्हाइकाकडे पोचवायचे होते."

"पण म्हणून पाचदा चालायचं?"

"मी एकदाच चाललो," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही पाचदा बघितलंत."

खारूनं सुतळी गुंडाळायला घेतली, आणि ती नको तितकी गुंतली.

पुढचे काही दिवस चष्म्याचं दुकान बंद झालं की तिचे पाय आपोआप छपाईच्या दुकानाकडे वळायला लागले. काम होतंच. त्यानं उरलेल्या कागदावर फोटोची एक पट्टी छापून भिंतीला लावली आणि दोघं त्यापुढं उभे राहिले. आकाश पट्ट्यापट्ट्यांचं दिसत होतं. उजळ, काळपट, उजळ, काळपट.

"तुमची लेन्स कोपऱ्यात अंधार करते," तो म्हणाला. "दोन फोटो जुळतात तिथं तो अंधार उठून दिसतो."

"तोंड पूर्ण उघडं ठेवलं होतं ना, म्हणून. मधल्या आकड्यावर आणलं की जाईल. आणि उजेडाचं माप कॅमेऱ्यावर सोडायचं नाही, मीच एकदा ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. नाहीतर प्रत्येक फोटोला तो नवा विचार करतो."

"माझ्या काकांसारखा. आणि ही कड दोनदा दिसतेय, ती?"

"ती झूमची खोड आहे. लेन्स खाली झुकवली की नाक आपोआप लांब होतं. गच्चीवरून खालीच बघायला लागतं. रविवारी चिकटपट्टी लावीन मी."

"म्हणजे स्वस्त लेन्स, पण सांभाळून घेतलं की चांगली वागते."

"सगळेच तसे असतात," खारू बोलून गेली, आणि मग उगाचच पट्टीवरचा एक पिवळा माणूस निरखायला लागली. तो दिसायला वाईट नव्हता. पाचही वेळा.

एका संध्याकाळी तिनं त्याला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभं करून शाईच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला लावली. त्यानं उजवा डोळा झाकला आणि धडाधड चुकीचं वाचलं.

"डावा डोळा कमजोर आहे तुमचा. चष्मा लागेल."

"चष्मा लावला की काय होईल?"

"जग स्पष्ट दिसेल."

"आत्ता जे जवळ आहे ते दिसतंय स्पष्ट," तो म्हणाला. "...लांबचं घाईचं नाही." खारूनं खोकं जागेवर ठेवलं. तिचे कान लाल झाले होते, पण दुकानातला मंद दिवा मेहेरबान होता.

घरी तिनं बाबांना पाच पिवळ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. "पूल खाली असताना कुणी कितीदाही चालावं. पण वर असताना केबिनसमोरच्या ओट्यावर परका माणूस मी कधी उभा राहू दिला नाही. घरचं तेवढंच. तुझी आई डबा घेऊन यायची, मग तू यायला लागलीस. बाकी साहेब आला तरी फाटकाबाहेर."

"माहितीये बाबा," खारू म्हणाली. तिला तो ओटा आठवत होता. डब्याचं कडं घट्ट धरून ती तिथं उभी राहायची आणि रस्ता उचलून आकाशाला टेकताना बघायची. दुसऱ्या दिवशी तिनं हे छपाईवाल्यालाही सांगितलं. म्हणाली, "तेव्हा रविवारी तुम्ही पुलावर दिसलात तर खैर नाही. माझ्यामागं उभं राहायचं."

"मागं उभा राहून काय करू?"

"छत्री धरा. पाऊस भुरभुरतोय रोज. कॅमेऱ्यावर धरायची."

रविवारी आभाळ राखाडी होतं, जवळजवळ सरावाच्या दिवशी होतं तसंच. गोदामाच्या गच्चीवर खारूनं स्टँडचे तीन पाय तीन लाल ठिपक्यांवर ठेवले. पहिल्या वेळी जागा सापडल्यावर तिनं नखांच्या रंगानं त्या खुणा करून ठेवल्या होत्या. झूम त्याच आकड्यावर आणली, चिकटपट्टी लावली, नखानं दाबून बसवली. पाऊस होता की नव्हता, असा होता.

घंटा वाजली. फाटकं पडली. आणि पुलाचे दोन पंख सावकाश, जडपणे वर निघाले.

खारूनं इतक्या वेळा बघितलेलं ते दृश्य. पुढच्या वेळी बघायला ते नसणार होतं. पंख वर जाऊन थांबले. खालून एक सजवलेली बोट भोंगा वाजवत निघाली.

"आता," ती स्वतःलाच म्हणाली. क्लिक. वळवलं. थांबली. क्लिक. वळवलं. तिचे केस कपाळावर चिकटले होते, ओठ आवळलेले होते, आणि तिच्या मागं उभा असलेला माणूस पुलाकडे बघत नव्हता. त्याला कळलंही नसेल, पण छत्री हळूहळू सरकत होती, कॅमेऱ्यावरून तिच्या खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर... शेवटचा क्लिक झाला तेव्हा खारू कोरडी ठणठणीत होती.

कॅमेरा मात्र भिजला होता. चिकटपट्टी सुटून लोंबत होती आणि लेन्सचं नाक बोटभर लांब झालं होतं.

"अरे!" खारू ओरडली. "तुला छत्री कॅमेऱ्यावर धरायला सांगितली होती!"

"धरली होती," तो खालमानेनं म्हणाला. "...सुरुवातीला."

"मग नंतर कुठं गेली?"

तिनं वर बघितलं. छत्री अजून तिच्याच डोक्यावर होती.

पुलाचे पंख तोवर खाली यायला लागले होते. आता ते परत वर जाणार नव्हते. खारूनं कॅमेरा पिशवीत घातला आणि पहिल्यांदाच त्याच्याशी एक शब्द न बोलता जिना उतरली. खाली पोचल्यावर तिला रडू आलं. राग त्याचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा होता. चिकटपट्टी एकदा बघायची, एवढंही तिला सुचलं नव्हतं. छत्रीखाली तिला फार बरं वाटत होतं, हेही खरं होतं.

दुकानात दोघांनी फोटो संगणकात घातले. डावीकडचा पूल छान जुळला. उजवीकडचाही, जरा लहान करून बसवल्यावर, आपापसात जुळला. पण मध्ये, जिथं लेन्स सरकून फोटोची चौकट अरुंद झाली होती, तिथं दोन फोटो एकमेकांना पोचतच नव्हते. वरपासून खालपर्यंत एक कोरी पांढरी फट राहिली. आणि ती फट पडायची कुठं? तर नेमकी बाबांच्या केबिनवर.

"संपलं," खारू म्हणाली. "बाकी सगळा पूल आहे, बाबाच नाहीत."

त्यानं फट मोठी करून बघितली. मग एकदम खुर्ची सरकवून म्हणाला, "तुमचे ते लाल ठिपके! सरावाच्या दिवशी स्टँड तिथंच होता?"

"तिथंच. झूमही तीच."

"आणि केबिन तर हलत नाही. पूल वर असो की खाली."

खारू ताडकन उठली. सरावाच्या फोटोतला केबिनचा तुकडा त्यांनी काढला आणि फटीत ठेवला. केबिन बसली, कठडा कठड्याला लागला, ओट्याच्या फळ्या फळ्यांना. त्या दिवशीचं आभाळ किंचित निळसर होतं. तो रंग त्यानं राखाडीत असा मुरवला की जोड शोधूनही सापडेना. खारू आनंदानं टाळी वाजवणार, तेवढ्यात तिचा हात हवेतच राहिला.

केबिनसमोरच्या ओट्यावर, उचललेल्या पुलाच्या अगदी कडेला, पिवळ्या रेनकोटातला एक माणूस सायकल धरून उभा होता. पाचांपैकी चौथा.

"काढता येईल मला," तो म्हणाला. "फळ्याच आहेत मागं, बाजूच्या फळ्या ओढून झाकतो. कुणाला कळणार नाही की तिथं कुणी होतं."

खारूनं खुर्ची जवळ ओढली.

"बाबांचा नियम आहे ना. परक्यानं तिथं उभं राहायचं नाही." त्यानं माउस हातात घेतला, पण हलवला नाही. "तुम्ही म्हणाल तसं."

पुसून टाकणं सोपं होतं. खारू त्या एवढ्याशा पिवळ्या माणसाकडे बघत राहिली. तो तिथून गेला तर बरं दिसेल की उजाड, हा प्रश्न फोटोचा राहिला नव्हता, आणि ते दोघांनाही कळत होतं.

"असाच छाप," ती शेवटी म्हणाली. "बाबा बघतील, मग ठरवू."

"गच्चीवर रागात 'तू' म्हणालात," तो यंत्राकडे जात म्हणाला. "आता तर राग दिसत नाही."

"जा, छाप गुपचूप."

फोटो लावायला तो स्वतः आला. बाबा पलंगावर उशांना टेकून बसले होते. दोन टोकं दोघांनी धरली, खिडकीपासून उलगडत दारापर्यंत गेले, आणि सुतळीच्या गाठीबरहुकूम फोटो बरोब्बर बसला.

बाबांची नजर खिडकीपासून निघाली, डाव्या खांबांवरून सावकाश पुढं आली, वर गेलेल्या पंखांवर चढली. त्यांचे हात मांडीवर जरा हलले, दांडा ओढल्यासारखे. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मग नजर केबिनवर आली आणि तिथंच थांबली.

"घंटा झालीय," ते म्हणाले. "फाटकं पडलीत. पूल वर आहे. मग हा ओट्यावर कसा?"

"मी काढतो त्याला," छपाईवाला घाईनं म्हणाला. "चूक माझीच आहे. छत्री मी..."

"तुला नाही विचारलं. हिला विचारतोय." बाबा खारूकडे वळले. "परका असेल तर काढून टाक. घरचा असेल तर राहू दे. माझ्या पुलावर तिसरा प्रकार नव्हता."

छपाईवाला भिंतीकडे तोंड करून फोटोचा एक कोपरा पुन्हा पुन्हा दाबत होता. तो कोपरा केव्हाच चिकटला होता. खारूनं त्याच्या पाठीकडे बघितलं. आयुष्यभर ती उंचावर चढली होती, पण ही पायरी सगळ्यांत उंच होती.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले आणि उशीवर रेलले. "मग याला सांग, घरचं माणूस ओट्यावर रिकाम्या हातानं येत नसे. डबा आणायचा."

खारू त्याला दारापर्यंत सोडायला आली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्यानं रेनकोट हातातच ठेवला होता, अंगात घालायचं काही तो नाव घेईना.

"ते राहू दे म्हणालीस..." त्यानं विचारलं, आणि त्याचंही 'तुम्ही' आपोआप गळून पडलं. "ते फोटोतल्याबद्दल, की..."

"की काय?"

"की बाहेरच्याबद्दल?"

खारूनं त्याच्या हातातला रेनकोट घेतला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

"बाहेर किती आहेत? पाच?"

"एकच आहे."

"मग राहू दे," ती म्हणाली. "एकच हवा होता."